आमची वाटचाल : एक बोळ, एक दुकान आणि पुष्कळ नळ

सदाशिव पेठेत पेरूगेटकडून नागनाथ पाराकडे जाताना जे बोळ लागतात, त्यांतल्या एका बोळात आमचं नळकामाचं दुकान आहे. १९५७ साली अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ते एका वाड्याच्या देवडीत सुरू केलं. पुढे तो वाडा पडला, दुकान समोरच्या वाड्याच्या ओट्यावर गेलं. तोही पडला, तेव्हा त्या जागी उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटच्या तळमजल्यावर आलं. आता ते अपार्टमेंटही पाडायला निघालंय. धंद्याची वाटचाल लिहून काढा, असा मुलीचा आग्रह होता. लिहायला बसलो तर दुकानाचं दोन पानांत आटपलं, बोळाचं काही संपेना. मग दोन्ही एकत्रच लिहिलं.

बोळाचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. कुठल्या वाड्यात कोण मोठा माणूस राहून गेला, कुठल्या माडीवर कोणाच्या बैठका होत, हे सांगत हौशी मंडळी रविवारी सकाळी घोळक्याने येतात आणि नेमकी आमच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहून गिऱ्हाईक अडवतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आम्ही हा बोळ मोरीतून, गच्चीवरून आणि ड्रेनेजच्या चेंबरमधून पाहिलाय, आणि तिथून तो निराळा दिसतो. आमच्या मते दोन पिढ्यांत इथे मोठा बदल एकच झाला : पाणी कोणी कोणाबरोबर वाटून घ्यायचं, ते बदललं. माणसं, मजले, भाडी, भांडणं हे सगळं त्याच्या मागोमाग आलं.

सुरुवात अर्थात अण्णांच्या कितीतरी आधीची. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजला तळं बांधून तिथलं पाणी जमिनीखालच्या दगडी बांधणीच्या नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातल्या हौदांपर्यंत आणलं गेलं. पुढे नाना फडणवीसांनी नऱ्हे-आंबेगावच्या बाजूने दुसरा नळ आणून सदाशिव पेठेतला हौद भरला. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार. मध्येमध्ये नळातली हवा बाहेर पडावी म्हणून बांधलेले उच्छ्वास. अण्णा या उच्छ्वासांवर फार खूश असत. पाइपात हवा कोंडली की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, हे नव्या पोराच्या डोक्यात शिरेना झालं की ते म्हणायचे, “पेशव्यांच्या गवंड्याला कळत होतं, तुला कळेना होय रे?”

इंग्रजांनी मुठेवर खडकवासल्याचं धरण बांधलं ते १८७०च्या दशकात. तिथून शहराला नळाचं पाणी मिळू लागलं, तरी घराघरांत नळ यायला फार काळ गेला. अण्णांनी दुकान टाकलं तेव्हा आमच्या बोळातली स्थिती अशी : वाड्याला एक अर्धा इंची कनेक्शन, चौकात एक नळ, आणि त्या नळावर आठ-दहा बिऱ्हाडं. शिवाय मागच्या चौकात विहीर, पण तिचं पाणी धुण्याला आणि झाडांना.

आठ-दहा बिऱ्हाडं म्हणजे चाळीस-पन्नास माणसं. एवढ्या हातांनी दिवसभर पिळलेला नळ महिन्या-दोन महिन्यांत ठिबकायला लागायचा. त्या काळी वायसर चामड्याचा असे. अण्णा चांभाराकडून कातड्याचे उरलेले तुकडे आणत, पंचाने गोल चकत्या पाडत आणि तेलात भिजवून डब्यात ठेवत. दुकानाचं पहिलं उत्पन्न या चकत्यांचं. त्यांची त्या वर्षांची वही अजून आहे. नवे पैसे १९५७ सालीच सुरू झाले होते, पण वहीत बरेच दिवस हिशेब आण्यांतच दिसतो. आणि एकाच नळाच्या दुरुस्तीपुढे आठ नावं, प्रत्येकापुढे एक आणा, दोन आणे. कारण मालक म्हणायचा, नळ बिऱ्हाडकरू वापरतात, त्यांनी वर्गणी काढावी. बिऱ्हाडकरू म्हणायचे, वाडा मालकाचा, त्याने बघावं. वसुलीला अण्णा जिन्याजिन्याने फिरत.

मालकाचंही अगदीच खोटं नव्हतं. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरच्या महागाईत भाडेकरूला त्याने वाचवलं, हे खरंच आहे. पण पुढे वर्षं गेली, सगळ्याचे भाव वाढले आणि दोन खणांच्या खोलीचं भाडं तिथेच राहिलं. वर्षभराच्या भाड्यात कौलंही शाकारून होईनात. मग तुळईला वाळवी लागली तरी टेकू लावायचा आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत ढकलायचं. वाडे हौसेने कोणी पाडले नाहीत, आणि ते एका दिवसात पडलेही नाहीत. आम्ही त्यांना वर्षानुवर्षं ओल धरताना पाहिलं. भिंत मातीची, पाइप तिच्यात पुरलेला. पाइप गळला की भिंत आतून भिजत जायची आणि कळायचं केव्हा, तर पोपडा हातात यायचा तेव्हा. नळवाल्याला आधी बोलावलं असतं तर काही भिंती अजून दहा वर्षं उभ्या राहिल्या असत्या, हे अण्णांचं ठाम मत होतं. धंद्याच्या सोयीचं मत आहे, हे मान्य.

हल्ली वाडासंस्कृतीच्या आठवणी लिहिण्याची साथ आली आहे. अंगण, प्राजक्त, गच्चीवरच्या कुरडया, एकमेकांकडे वाटी घेऊन जाणं. ते होतंच. पण लिहिणारे बहुतेक सगळे तेव्हा लहान मुलगे होते. पहाटे चारला उठून कळश्या रांगेत लावणाऱ्या त्यांच्या आयांपैकी कोणी काही लिहिल्याचं आमच्या पाहण्यात नाही. आमच्या आईला विचारलं तर ती एवढंच म्हणायची, “पाणी दुसऱ्या मजल्यावर नेलं असतंस म्हणजे कळलं असतं.” नळावरची भांडणं कोर्टापर्यंत जात नसत, पण अबोले वर्षावर्षाचे असत. विटाळशीने नळाला हात लावायचा नाही, अमक्यांच्या हंड्याला तमक्यांची कळशी लागायला नको, हेही त्याच नळावर चाले.

आणि संडास. त्यावर तर कोणीच लिहीत नाही. मागच्या बाजूला दोन संडास, खाली टोपली, आणि ती उचलून नेणाऱ्या माणसांसाठी वाड्यामागून वेगळी अरुंद वाट, म्हणजे ती माणसं पुढच्या चौकात दिसायला नकोत. या प्रथेवर देशाचा कायदा आला १९९३ साली. आमच्या बोळातल्या टोपल्या त्याच्या बऱ्याच आधी गेल्या. रस्त्यात ड्रेनेजची लाइन होती, फ्लशला पाणी मिळालं, आणि एकेका वाड्याने चिनी मातीचे पाइप घालून संडासाची भांडी बसवून घेतली. आमच्या दुकानाच्या इतिहासात अभिमान वाटावा असं काम कुठलं, असं कोणी विचारलं तर मी तेच सांगेन. नंतरच्या लाखालाखांच्या बाथरूम नाही. त्या मागच्या वाटा अजून आहेत. आता तिथे दुचाक्या लावतात आणि ती वाट कशासाठी होती हे लावणाऱ्यांना ठाऊक नसतं.

१२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. नारायण, शनिवार, कसबा पेठेतले नदीकडचे वाडे बसले. आमच्या बोळात ज्याच्या-त्याच्याकडे नातेवाइकांची बिऱ्हाडं येऊन पडली. एका खोलीत दोन-दोन संसार. आणि धरणच गेल्यामुळे नळाला पाणी नाही. ज्या विहिरींत लोक निर्माल्य टाकायला लागले होते, त्या उपसायला माणसं मिळेनात. अण्णा आणि काका त्या दिवसांत रहाटाच्या कप्प्या आणि दोर बसवत फिरत होते. ते पैसे त्यांनी घेतले की नाही, यावर घरात दोन मतं आहेत. वहीची ती पानं कोरी आहेत एवढं खरं.

पुराने एक गोष्ट केली. पूरग्रस्तांना गोखलेनगर, सहकारनगर अशा बाजूंना जागा मिळाल्या, आणि पेठेबाहेर जाऊनही माणूस जगतो हे पेठेला दिसलं. तोवर लकडी पुलापलीकडे राहायला जाणं म्हणजे गाव सोडण्यासारखं होतं. १९६३ साली मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा झाला, १९७० साली अपार्टमेंटचा. वाड्याच्या मालकाला पहिल्यांदाच सुटकेचा रस्ता दिसला : बिल्डरला जागा द्यायची, स्वतःला दोन फ्लॅट, भाडेकरूंना त्यांच्या खोलीच्या हिशेबाने जागा किंवा हातात पैसे, उरलेलं बिल्डरने विकायचं. पंचाहत्तरच्या पुढे आमच्या बोळात दर पावसाळ्यानंतर एक वाडा उतरवला जाऊ लागला. सागवान विकलं जायचं, दगड जोत्यात जायचा, आणि जुने पाइप आमच्याकडे यायचे. ते कापून बघावेत. अर्ध्या इंचाच्या पाइपात गंज आणि क्षार बसून बसून पाण्याला पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली. बाई तक्रार करत असे की नळाला धारच नाही. तिला सगळे सांगत, पाणीच कमी येतंय. पाणी दारापर्यंत येत होतं, पुढे त्याला जायला जागा नव्हती.

मी दुकानात आलो तो काळ या अपार्टमेंटचा. तीन मजले, लिफ्ट नाही, मजल्यावर चार बिऱ्हाडं. गाडीला जागा सोडायचं कोणाच्या स्वप्नातही नाही, कारण पुणं सायकलींचं. जिन्याखाली सायकली मावल्या की झालं. काम सगळं जी.आय.च्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपचं. पाइपावर रंगाचा पट्टा असतो : पिवळा म्हणजे ए, हलका, निळा बी, मध्यम, लाल सी, जड. बिल्डर पिवळा आणायचा, अण्णा परत पाठवायचे. निळ्याच्या खाली त्यांनी कधी हात लावला नाही, त्यामुळे काही कामं गेलीही. पाइप व्हाइसमध्ये धरायचा, डायला तेल सोडत सोडत आटे पाडायचे, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, म्हणजे कीस तुटून पडतो. आट्यावर सफेदा लावायचा, त्यावर तागाचे धागे आट्याच्या दिशेनेच गुंडाळायचे, मग सॉकेट आवळायचा. धागा उलटा गुंडाळला की आवळताना तो बाहेर येतो आणि जोड ठिबकतो. नवा पोरगा बरा की वाईट हे त्या धाग्यावरून पहिल्या दिवशी कळायचं. आता ताग गेला, टेफ्लॉन टेप आली. ती मात्र उलटी गुंडाळणारे अजून आहेत.

या इमारतींनी घराघरात नळ दिला, आणि वाटून घेण्याची जागा चौकातून गच्चीवर गेली. खाली हौद, वर टाकी, मध्ये पंप. भांडण मिटलं नाही, फक्त त्याला लेटरहेड आलं. पंप कोणी सुरू करायचा, टाकी वाहून गेली तर बिल कोणी भरायचं, तिसऱ्या मजल्यावर पाणी आधी का संपतं, यावर सोसायटीच्या सभा दिवसभर चालत. आमच्या एका इमारतीत पंपाच्या स्विचला कुलूप होतं आणि किल्ली दोन घरांत विभागून, सकाळी एकाकडे, संध्याकाळी दुसऱ्याकडे. बोळात पाट्या लागल्या त्याही याच काळात. ‘पाणी सोडण्याची वेळ ६ ते ६.२०. नंतर विचारू नये. विचारल्यास अपमान होईल.’ ही पाटी मी स्वतः पाहिली आहे. तिच्या खालचा पंपही आम्हीच बसवला होता.

शिवाय डक्ट. दोन भिंतींच्या मध्ये दीड-दोन फुटांची फट, तिच्यात सगळ्या मजल्यांचे बीडाचे पाइप. कागदावर ठीक दिसतं. दुरुस्तीला आत शिरायचं तर माणूस अंगाने काडी हवा. वेल्हे, भोर, मुळशीकडून येणारी मुलं तशी असायची. दोन वर्षं पुण्याचं खाल्लं की डक्टात मावेनाशी व्हायची आणि आम्हाला नवा मुलगा शोधावा लागे. आता आमच्याकडची निम्मी मुलं ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातली आहेत. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरात प्लंबर शोधा, त्या जिल्ह्याचा कोणीतरी भेटतोच. ती पेठेतल्या आज्ज्यांशी मोडक्या मराठीत बोलतात आणि आज्ज्या त्यांच्याशी मोडक्या हिंदीत. काम अडत नाही.

आज्ज्या म्हणालो, कारण नव्वदनंतर बोळात त्याच उरल्या. मुलगा आधी कोथरूडला, मग बाणेरला, मग अमेरिकेत. फ्लॅट रिकामा ठेवून किंवा आई-वडिलांना त्यात ठेवून. त्या सुमारास आमचा धंदाच बदलला. फोन यायचा रात्री अकराला, तिकडे सकाळ असायची : “काका, आईचा गिझर बघता का? ती सांगणार नाही, पण थंड पाण्याने अंघोळ करतेय.” आम्ही जायचो. गिझर ठीक असायचा, आईने वीजबिलाच्या धास्तीने बंद ठेवलेला. मग तिच्याकडे चहा घ्यायचा, गिझर चालू करून द्यायचा आणि अमेरिकेला कळवायचं की एलिमेंट बदललं. पैसे मात्र भेटीचेच लावायचो, एलिमेंटचे नाही.

आणि बंद फ्लॅट. हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण बंद घराला नळवाला लागतो. नाहणी ट्रॅपमध्ये बोटभर पाणी कायम साठलेलं असतं, ड्रेनेजचा वास आणि झुरळं त्या पाण्यामुळे अडतात. घर महिना-दीड महिना बंद राहिलं की ते पाणी सुकतं. मग शेजारी तक्रार करतात की तुमच्या घरातून घाण येतेय, आणि मालक सिएटलमध्ये. आम्ही चाव्या घेऊन ठेवायला लागलो. महिन्यातून एकदा जायचं, प्रत्येक जाळीवर तांब्याभर पाणी ओतायचं, नळ सोडून गंजाचं पाणी जाऊ द्यायचं, फ्लश ओढायचा, खिडकी उघडून दहा मिनिटं बसायचं. दुकानात एक फळी केली, खिळे ठोकले, प्रत्येक चावीला पत्र्याचा बिल्ला. काही वर्षांत फळी भरली. त्या फळीकडे बघितलं की बोळात दिवे किती घरांत लागत असतील ते कळायचं. विश्वासाचं काम होतं, ते सांभाळलं, आणि दुरुस्तीपेक्षा त्यात नियमित उत्पन्न होतं हेही सांगायला हरकत नाही.

मग या रिकाम्या घरांना भाडेकरू सापडला. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी. लातूर, बीड, नांदेड, सोलापूर, बुलडाणा, सगळीकडून मुलं-मुली सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत येऊ लागली. क्लास इथे, पुस्तकांची दुकानं इथे, अभ्यासिका इथे. फ्लॅट भाड्याने जाईना, पण कॉट जाऊ लागली. जिथे एक म्हातारी एकटी राहायची तिथे दहा-बारा मुलं. बोळात पुन्हा पोरं दिसू लागली, रात्री दोनलाही खिडक्यांत दिवे, टपरीवर चालू घडामोडींच्या चर्चा. मला स्वतःला ते आवडतं. निदान माणसं आहेत.

पण पाइप आकड्यावर चालतात. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरायचं हा सरकारी नियम. घरात पाच माणसं, म्हणजे ६७५ लिटर. इमारतीची टाकी या हिशेबाने बांधलेली. त्या घरात बारा मुलं आली की लागतात १,६२०. त्यात सगळ्यांची अंघोळ सकाळी सहा ते आठ, कारण अभ्यासिकेत आधी पोचेल त्याला खिडकीची जागा. आठ वाजता टाकी कोरडी आणि सव्वाआठला तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीबुवांचा, म्हणजे अशा कुठल्याही बुवांचा, आम्हाला फोन : “या पोरांनी पाणी संपवलं.” पोरांनी काही केलेलं नसतं. बारा माणसं बारा माणसांचं पाणी वापरतात. संपवलं ते बारा कॉटचं भाडं घेऊन पाच माणसांचं पाणी देणाऱ्याने. हे मी सभेत एकदा बोललो, त्यानंतर त्या सोसायटीचं वार्षिक काम दुसऱ्याकडे गेलं. दोन वर्षांनी परत आलं.

गंमत म्हणजे बोळ फिरून वाड्यावरच आला. एका नळावर पुन्हा दहा-बारा माणसं, बाथरूमबाहेर रांग, दारावर वेळापत्रक. फरक इतकाच की वाड्यातलं बिऱ्हाड तीस-तीस वर्षं राहायचं आणि हे दीड-दोन वर्षं. त्यामुळे नळ बिघडला तर वर्गणी काढायला कोणी थांबत नाही. घासलेला वायसर जोर लावून पिळतात आणि पुढच्या तुकडीला सोपवतात. मुलींच्या फ्लॅटमध्ये केसांनी ट्रॅप तुंबतात, मुलांच्या फ्लॅटमध्ये चहाच्या चोथ्याने. मी जाळीच्या आत बसवायची एक साधी स्टीलची वाटी करून घेतली आहे, मागच्या काही वर्षांत ती आमची सगळ्यांत जास्त खपलेली वस्तू. अभ्यासिकांचं वेगळं. ऐंशी खुर्च्या, दोन संडास, एक बेसिन. मालकाला एसीची चिंता, संडासाची नाही. आम्ही आता अशा कामाला आधीच सांगतो, भांडी वाढवणार असाल तर येतो.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि आठवडाभरात बोळ ओस पडला. पुस्तकं, गाद्या, बादल्या तशाच टाकून मुलं गावी गेली. ट्रॅप सुकले, एकाच वेळी सगळ्या इमारतींचे. आम्हाला बाहेर पडायला परवानगी मिळाली तेव्हा मास्क लावून घराघरांत तांब्याभर पाणी ओतत फिरलो. मालकांकडे भाडं नव्हतं, त्यामुळे आमच्याकडेही फार काही आलं नाही. त्या वर्षी दोन कारागीर सोडून गेले, एक परत आला. पुढे परीक्षा लांबत गेल्या. मार्च २०२१मध्ये परीक्षा अगदी तोंडावर पुढे ढकलली तेव्हा मुलं नवी पेठेत रस्त्यावर उतरली. त्यांतली काही आमच्या बोळातली होती. नंतर बरीच आली, पण सगळी नाही. तयारी गावाकडून मोबाइलवरही होते, हे त्यांना त्या वर्षात समजलं.

आता दुसरी पाडापाडी चालू आहे. वाडे पाडून बांधलेली अपार्टमेंट चाळिशी-पंचेचाळिशीला आली, स्लॅबच्या सळया दिसायला लागल्या, म्हाताऱ्यांना लिफ्ट हवी, मुलांना पार्किंग. २०२०च्या डिसेंबरात राज्यभरासाठी बांधकामाची एकत्रित नियमावली आली आणि बिल्डर पुन्हा बोळात घिरट्या घालू लागले. त्यांची भाषा मीटरची. रस्ता नऊ मीटरचा असेल तर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, वापरता येतो, नसेल तर नाही. आमचा बोळ सहालाही जेमतेम पोचतो. त्यामुळे कोपऱ्यावरचा प्लॉट दहा मजले जातो आणि आतला तीन मजल्यांवरच अडकतो, आणि आतल्या माणसाला वाटतं शेजाऱ्याने काहीतरी चालवून आणलं. सप्टेंबर २०२४मध्ये मंडईचं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून जाहिरातीत ‘मेट्रोपासून चालत’ हे वाक्य न चुकता असतं.

उंच इमारतीचं नळकाम हे आमच्यासारख्यांना नव्याने शिकावं लागलं. ते माझ्या मुलीने शिकून घेतलं. ती सिव्हिल इंजिनिअर आहे. दुकानात येणार नाही असं म्हणत म्हणत आली. दहा मजल्यांवर टाकी ठेवली की खालच्या मजल्यावर दाब एवढा येतो की फ्लशची नळी उडते. तिथे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह लागतात. आगीसाठी वेगळी टाकी, पावसाच्या पाण्याची वेगळी लाइन, गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप. आणि एवढ्या इमारतीला येणारं पाणी बोळातल्या त्याच लाइनवरून. उन्हाळ्यात टँकर मागवतात, तो बोळात वळत नाही. रात्री कोपऱ्यावर उभा राहतो आणि तिथून पाइप ओढतात. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांनी पाइपावरून गाड्या नेल्या, दुसऱ्या वर्षी पोलिसांत गेले, तिसऱ्या वर्षी त्यांच्याही इमारतीला टँकर लागला आणि विषय मिटला.

आमच्या दुकानाच्या इमारतीचा करार झालाय. आर्किटेक्टने टाकीचा हिशेब फ्लॅटला पाच माणसं धरून केला होता. मुलीने तो खोडून आठ केला आणि खाली सही केली. त्यावर सभा झाली. सभासदांचं म्हणणं असं की नव्या इमारतीत विद्यार्थी ठेवायचे नाहीत असा ठराव आहे, मग आठ कशाला? तिने विचारलं, आत्ता कोणाकोणाच्या फ्लॅटमध्ये विद्यार्थी आहेत? बरेच हात खाली होते, आणि कोणाकडे किती कॉट आहेत ते आम्हाला माहीत होतं, कारण त्यांच्या जाळीतल्या वाट्या आम्हीच बसवल्या होत्या. टाकीचा आकडा अजून ठरलेला नाही. मोठी टाकी म्हणजे दोन गाड्यांची जागा कमी, असा पेच आहे.

तोवर दुकान त्याच बोळात, चार घरं पुढे, एका गॅरेजमध्ये हलवलं आहे. फोन तोच. सोमवारी दुपारी बंद, एरवी एक ते चार बंद. चाव्यांची फळी सोबत आणली आहे. ज्यांच्या इमारती पाडून झाल्या आहेत त्यांच्या चाव्या अजून तिच्यावर लटकताहेत, त्यांनी त्या घेऊन जाव्यात. खिळे कमी पडायला लागलेत.